धोंड्याच्या महिन्यातला गीझर

महादेवप्पा पाण्याचे दोन कॅन घेऊन जळकोटच्या स्टँडवर एसटीत चढला, तेव्हा कंडक्टरला वाटलं, गडी लातूरला पाव्हणा म्हणून चाललाय आणि प्यायचं पाणी संगं घेतलंय. त्यात नवल काही नव्हतं. त्या साली लातूरला जाणारा शहाणा माणूस घरून बाटली भरूनच निघायचा. तिथं नळाला पंधरवड्यानं पाणी, तेही आलं तर. पण हे कॅन चांगले वीस-वीस लिटरचे, बोटं तुटायची वेळ आणणारे. कंडक्टरनं विचारलं आणि महादेवप्पा खरं बोलून गेला.

"प्यायचं न्हाई हो. लेकीच्या घरी गॅसचा गीझर पेटंना. पाणी सोडल्याबिगर तो पेटतच न्हाई, म्हणून घरचं पाणी घेऊन चाललोय."

झालं. उदगीर येईपर्यंत कंडक्टरनं साऱ्या गाडीला ऐकवलं, की हे बाबा पाण्यावर विस्तव पेटवणार हायत. माणसं हसली. महादेवप्पाही हसला. जळकोटला त्याची पिठाची गिरणी होती आणि गिऱ्हाइकांच्या जिभेपुढं आयुष्य गेल्यामुळं चेष्टा गिळायची त्याला सवय होती. आतून मात्र लेकीची काळजी त्याला सोडत नव्हती.

लेक महानंदा. तिला मागल्या वर्षी लातूरच्या शिवप्पांच्या उमाकांताला दिली. घर चांगलं, खाऊनपिऊन सुखी. शिवप्पा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, मुलगा विष्णुपुरीच्या कॉलेजातून इंजिनिअर होऊन कारखान्यात लागलेला. यंदा आषाढ अधिक आला. अधिक म्हणजे धोंड्याचा महिना. लेक-जावयाला बोलवायचं, पुरणाचे धोंडे वाढायचे आणि जावयाच्या हातात काहीतरी वाण ठेवायचं. लोक चांदीचं निरांजन देतात, अंगठी देतात. महादेवप्पाला वाटलं, लेकीच्या कामी येईल असं द्यावं. सासरी महानंदा पहाटे उठून अंगणातल्या चुलीवर साऱ्या घराचं पाणी तापवायची आणि धुरानं तिचे डोळे गुंजेसारखे लाल व्हायचे, हे त्याच्या बायकोनं बघितलं होतं. म्हणून त्यानं उदगीरला भुजंगच्या दुकानातून नवाकोरा गॅस गीझर घेतला आणि खोक्यासकट जावयाच्या हवाली केला.

मशीन लातूरला गेलं, न्हाणीच्या भिंतीवर बसलं आणि पेटलंच नाही. तोटी सोडली की आत टक टक टक अशी ठिणगी पडायला हवी आणि भप्पकन निळा जाळ व्हायला हवा. इथं टकही नाही आणि भपही नाही, गार पाणी तेवढं खाली. एक मेकॅनिक आला, सेल बदला म्हणाला. दुसरा आला, रेग्युलेटर बदला म्हणाला. दोघंही चहा पिऊन गेले, गीझर होता तसाच थंड राहिला. मग महानंदाच्या सासूनं, शांतम्मानं, निकाल देऊन टाकला की मशीन जुनं आहे, रंग मारून खोक्यात घातलंय. महानंदा म्हणाली, "आत्या, माझ्यासमोर खोकं फोडलंय. मशीन नवंच हाय."

त्या दिवसापासून ती खोटारडी ठरली. भाजीत मीठ जास्त पडो नाहीतर दूध उतू जावो, बोलणं फिरून तिथंच यायचं. बापानं खोटं दिलं, लेक खोटं बोलती. आल्यागेल्याला न्हाणी दाखवली जायची, जशी काही देवदर्शनाची जागा. दिवाळी तोंडावर आली होती, शांतम्माच्या बहिणी सणाला यायच्या होत्या आणि त्यांच्यासमोर ही वरात पुन्हा निघणार होती. फोनवर महानंदा एवढंच म्हणाली, "अप्पा, एकदा येऊन बघा. बाकी काय बी म्हणू द्या, मला खोटं म्हणतेत ते लई लागतंय." ही पोर लहानपणी जत्रेतसुद्धा काही मागायची नाही. महादेवप्पाला ते ऐकून जेवण गेलं नाही.

आता घरून पाणी न्यायचं कारण. गीझर तपासायचा तर तोटी सोडून बसावं लागतं, एकदा नाही, दहादा. आणि महादेवप्पाच्या घराण्यात लेकीला मूल होईपर्यंत बाप तिच्या सासरच्या पाण्याचा घोट घेत नाही. ज्या घरचं पाणी ओठाला लावायचं नाही, ते असल्या दुष्काळात बादल्यांनी मोरीत सोडायचं म्हणजे तोंड दाखवायला जागा उरायची नाही. म्हणून गिरणीच्या बोअरला जे थोडंबहुत पाणी येत होतं, ते साठवून साठवून त्यानं कॅन भरले होते. बायकोनं त्याला वेड्यात काढलं, पण कॅनची टोपणं तिनंच फडकं लावून घट्ट केली.

शिवप्पा ओट्यावरच बसले होते.

"शरणार्थ, महादेवप्पा! या, या. अन् हे काय, पाणी घेऊन आलाव? आमच्याकडं पाव्हण्याला पाजायपुरतं हाय की अजून."

"तसं न्हाई व्याही. तपासताना वाया जातंय, म्हणलं तुमचं कामून सांडावं."

"तपासा, तपासा. उदगीरचं मशीन न्हवं का ते? उदगीर जिल्हा होऊ द्या एकदा, मग तिथं बी चांगला माल यील." शिवप्पा स्वतःच्याच बोलण्यावर मोठ्यानं हसले.

उदगीर जिल्हा होणार अशी हवा अधूनमधून उठायची आणि लातूरकरांना तिची टवाळी करायला फार आवडायचं. लातूर स्वतः उस्मानाबादेतून फुटून जिल्हा झालं, ते डोळ्यांनी बघितलेली माणसं ही. पण जिल्ह्याच्या गावी घर असलं की माणसाची मान आपोआप बोटभर वर जाते. महादेवप्पाची मान लेकीचा बाप म्हणून आधीच खाली होती. त्यानं ती आणखी थोडी खाली घातली आणि कॅन उचलून आत गेला.

महानंदानं दारातच त्याच्या हातातला एक कॅन घेतला. तिचे डोळे लाल होते. धुरानं का रडण्यानं, हे त्यानं विचारलं नाही.

न्हाणीत शिरून त्यानं कामाला हात घातला. आधी सिलिंडर बघितला. त्यात गॅस होता, शेगडी लावून खात्री केली. नळी कुठं दुमडली नव्हती. सेल काढून नवे घातले, येताना खिशात टाकून आणले होते. पाणी आत जातं तिथली बारीक जाळी सोडवली. तिच्यावर बोअरच्या पाण्याचा पांढरा थर बसला होता, तो लिंबाच्या पाण्यात टाकून ब्रशानं घासला. मग शिडी लावून वर चढला आणि टाकीत आपले दोन्ही कॅन रिकामे केले.

न्हाणी घराच्या मागच्या कोपऱ्यात, बुटकी, हात वर केला की स्लॅबला लागेल अशी. त्याच स्लॅबवर विटांचा एक थर आणि त्यावर टाकी. घर शिवप्पांनी स्वतः उभं राहून बांधून घेतलं होतं. पाण्याचं वजन नैऋत्येला हवं असं कुणीतरी त्यांच्या कानात सांगितलं आणि जिन्यावरच्या उंच जागेऐवजी टाकी इथं येऊन बसली. महादेवप्पानं ते बघितलं, पण तेव्हा त्याच्या डोक्यात प्रकाश पडला नाही. खाली येऊन त्यानं तोटी सोडली. करंगळीएवढी धार आली. मशीन गप्प. त्यानं बटणं इकडून तिकडं फिरवली, हिवाळा-उन्हाळा दोन्ही करून झाले, एक थापडही मारून बघितली. मशीन गप्पच.

दुपारी सगळे लवंडले तेव्हा तो अंगणात उकिडवा बसून विचार करत राहिला. गिरणीचा पट्टा सैल पडला की दगड जागचा हलत नाही, मग दगडाला कितीही शिव्या द्या. हे तसंच काही नसेल ना? पाण्याच्या जोरानं आतला पडदा दाबला जातो आणि मग ठिणगी पडते, एवढं त्याला भुजंगनं सांगितलं होतं. जोरच पुरत नसेल तर? तो उठला. भिंतीवरचं मशीन काढलं, अंगणात आणलं, अगदी खाली फरशीवर भिंतीला टेकवून ठेवलं. टाकीच्या नळाला लांब पाइप लावून त्याला जोडला, सिलिंडर दाराशी ओढला. महानंदा बादली घेऊन बसली. त्यानं तोटी सोडली.

टक टक टक टक. भप्प.

मशीनच्या बारक्या खिडकीतून निळा जाळ दिसला आणि बादलीत पडणाऱ्या पाण्यातून वाफ निघाली.

"अप्पा, पेटलं!" महानंदा जवळजवळ ओरडलीच. "मी आत्यांना उठवते."

"थांब. कुणाला उठवू नको."

त्यानं तोटी बंद केली. लग्नानंतर पोरीच्या तोंडावर एवढा आनंद त्यानं पहिल्यांदा बघितला होता, आणि तो त्याच्याच हातानं मावळला. त्याला स्वतःची चीड आली.

"मशीन चांगलं हाय बाई. टाकीच लई खाली हाय. भिंतीवर मशीन अन् त्याच्या डोक्यावर हातभर टाकी, पाण्याला जोर येणार कुठून?"

"मग तसं सांगा की मामांना."

"सांगतो. माझ्या पद्धतीनं सांगतो. तू मात्र मधी बोलू नको, आण हाय माझी."

त्यानं मशीन पुन्हा भिंतीवर चढवलं. बादलीतलं कोमट पाणी महानंदानं भांड्यांसाठी झाकून ठेवलं.

शिवप्पा उठले, चूळ भरून झोपाळ्यावर येऊन बसले. महादेवप्पानं जी पद्धत म्हणून योजली होती, ती अशी की आधी घराची तोंड भरून स्तुती करायची. दगड चांगला, दारं सागवानी, हवा खेळती. शिवप्पा खुलले. मग तो हळूच म्हणाला, "व्याही, एक इचारू का? टाकी जर का जिन्यावरच्या जागी नेली असती, तर पाण्याला जरा जोर..."

शिवप्पांनी झोपाळा पाय टेकून थांबवला.

"महादेवप्पा, मी कुठल्या खात्यात होतो?"

"पाटबंधारे."

"उभी हयात पाणी खेळवलंय मी. कालव्याला ढाळ किती, पाण्याला दाब किती, हे लोक मला इचारायला यायचे. अन् आता पिठाची गिरणी मला दाब शिकवणार?"

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते फार शांतपणे बोलले आणि उठून देवघराकडं गेले. शांतम्मा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं व्याह्याकडं बघितलंही नाही, सरळ सुनेकडं वळली.

"तू शिकवलंस का गं बापाला हे? मशीन खोटं निघालं म्हणून आता आमच्या घरालाच खोट लावायलाव? सण येऊ द्या, म्हणजे माझ्या बहिणींना बी दाखवते आमच्या घरातले दोष!"

महानंदानं बापाकडं बघितलं. तिला फक्त त्याचं एक वाक्य हवं होतं, दुपारी बघितलेलं त्यानं चारचौघांत म्हणायचं होतं. महादेवप्पाच्या तोंडाला ते वाक्य येऊन पोचलंही होतं. पण त्याच्या मनात आलं, मी आता पिशवी उचलून जाईन, हिला इथं राहायचंय. संध्याकाळचा स्वयंपाक हिला याच माणसांसाठी करायचाय.

"न्हाई न्हाई ईनबाई, तिला बोलू नका," तो म्हणाला. "मी आपलं अंदाजानं बोललो. व्याह्यांचं बराबर हाय. मशीनच खराब हाय. माझीच फसगत झाली. घेऊन जातो, बदलून आणतो."

शांतम्माचा चेहरा सैल पडला. महानंदा आत निघून गेली आणि आतून भांड्यांचा आवाज यायला लागला.

उमाकांत कारखान्यातून आला तो मोटारसायकल काढूनच उभा राहिला, सासऱ्याला स्टँडवर सोडतो म्हणाला. मशीन पोत्यात बांधून महादेवप्पानं मांडीवर घेतलं. रस्त्यात टँकरपुढं घागरींची रांग लागली होती, तिथं गाडी थांबली, तेव्हा उमाकांत मागं न बघता बोलला.

"मामा, मशीन चांगलं हाय. टाकीचं काम हाय ते. मला पहिल्या दिवशीच कळलंय."

"मग बोलला कामून न्हाईत, जावईबापू?"

"बाबांना कोण बोलणार? घर बांधत हुते तवा मी कॉलेजात होतो. तवा एकदा बोललो, तर महिनाभर माझ्याशी बोलले न्हाईत." त्यानं गिअर टाकला. "महानंदाला बी मी सांगितलंय, तू मनावर घेऊ नको म्हणून."

महादेवप्पाला वाटलं, या पोराच्या कानाखाली एक द्यावी. इंजिनिअर झाला, बायकोला खोटारडी म्हणताना ऐकत बसला आणि वर तिलाच मनावर घेऊ नको म्हणतो! पण घटकाभरापूर्वी झोपाळ्यापुढं आपण काय केलं, ते आठवून त्यानं हात आवरला. जावयाला त्यानं स्टँडवर फक्त "सांभाळून जा" म्हटलं.

उदगीरला उतरला तेव्हा भुजंग दुकान आवरत होता. महादेवप्पानं पोतं काउंटरवर ठेवलं.

"बदलून द्या."

"काय झालं काय त्याला?"

"पेटत न्हाई."

भुजंगनं मशीन आतल्या भिंतीला अडकवलं. दुष्काळात पाणी वाया जाऊ नये म्हणून त्यानं एक पिंप आणि छोटी मोटर लावून ठेवली होती, पिंपातलं पाणी मशीनमधून फिरून पुन्हा पिंपातच पडायचं. त्यानं मोटर चालू केली. मशीन एका दमात पेटलं. निळा, सरळ, देखणा जाळ.

"ह्याला धाड भरलीय व्हय?" भुजंग म्हणाला. "एकदम फर्स्टक्लास हाय. तिकडं पाण्याला जोर न्हाई, मामा. दुसरं दिलं तरी तेच हुणार."

"ठावं हाय मला," महादेवप्पा म्हणाला. "तरी बी बदलून द्या. दुसऱ्या रंगाचं द्या."

तेवढ्यात महादेवप्पाचा फोन वाजला. महानंदा होती.

"अप्पा, मी सांगितलं. तुमची आण मोडली. तुम्ही गेल्यावर आत्या शेजारणीला बोलावून म्हणाल्या, बापानं सोताच्या तोंडानं कबूल केलं, म्हणजे फसवायलाच दिलं होतं. तुम्हाला चोर म्हणल्या, अप्पा. मला न्हाई राहवलं. मी म्हणलं, दुपारी अंगणात माझ्यासमोर मशीन पेटलं होतं, खोट टाकीत हाय. मामा बोलायचं म्हणतेत. खरं तेच सांगा, अप्पा. आता तरी सांगा."

मग शिवप्पांचा आवाज आला, तसाच शांत.

"महादेवप्पा, फोन स्पीकरवर टाकलाय. सगळे बसलेत, उमाकांत बी हाय. पोरगी म्हणती मशीन पेटलं होतं. तुम्ही म्हणलाव खराब हाय. दोघांतलं एक कुणीतरी खोटं हाय. कोण ते तुम्हीच सांगा."

पाठीमागं मशीन घरघरत पेटलेलं होतं. महादेवप्पानं हातानं खूण केली तशी भुजंगनं मोटर बंद केली.

पेटलं होतं, एवढं दोन शब्दांचं काम. पण ते म्हटलं की शिवप्पा साऱ्या घरासमोर, शेजारणीसमोर, पोरासमोर खाली बसतात. खाली बसलेला माणूस उद्या कुणावर उठणार? जळकोटच्या गिरणीपर्यंत त्यांचा हात पोचत नव्हता. महानंदा त्यांच्या हाताशी होती, रोज, पहाटेच्या पाण्यापासून रात्रीच्या अंथरुणापर्यंत. उमाकांत काही बोलेल म्हणून महादेवप्पानं क्षणभर वाट बघितली. उमाकांत बोलला नाही. लेक म्हणाली होती, बाकी काय बी म्हणू द्या, पण खोटं म्हणतेत ते लागतंय. ते त्याच्या कानात होतंच. तरी त्याच्या जिभेला दुसरं काही सुचेना. आयुष्यभर मान खाली घालून बोललेला माणूस, त्याला ऐन वेळी मान वर करून बोलता येईना.

"न्हाई पेटलं, व्याही," तो म्हणाला. "पोर हाय. बापाची बाजू घेती. तिचं मनावर घेऊ नका."

पलीकडं कुणीतरी सुस्कारा सोडला.

"मला वाटलंच होतं," शिवप्पा म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात आता खरंच माया होती. "जाऊ द्या, महादेवप्पा. हुतं माणसाकडून. आम्ही काय मनात धरून बसणारी माणसं न्हाई. दिवाळीला या निवांत." मग ते फोनपासून तोंड वळवून म्हणाले, "ऐकलंस का गं, तुझा बाप काय म्हणतोय ते?"

महादेवप्पानं फोन कानाशी इतका दाबला, की कान दुखायला लागला. फोन ठेवावा असं त्याला फार वाटलं, पण ठेवता येईना.

"हाव मामा," महानंदाचा आवाज आला. "मीच खोटं बोलले."